बचत गटासाठी व्हिडिओ करायचाय? मग विद्यार्थ्यांच्या हाती आधी कॅमेरा देऊ नका

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग हे विषय श्रेयांकांसह (क्रेडिटसह) आले. राष्ट्रीय सेवा योजनेची गावातली शिबिरं तर त्याच्या कितीतरी आधीपासूनची, योजनाच १९६९ची. त्यामुळे बचत गट, वाचनालय, वृद्धाश्रम, पाणी समिती अशा कुणाच्या ना कुणाच्या दारात दरवर्षी विद्यार्थ्यांची एक तुकडी उभी राहते आणि म्हणते, “आम्ही तुमच्यावर डॉक्युमेंटरी करतो.” डॉक्युमेंटरी होतेही. ड्रोनमधून गाव दिसतं, मागे हळवा पियानो वाजतो, विद्यार्थ्यांना गुण मिळतात. संस्थेकडे उरते एक लिंक, आणि पुढच्या वर्षी तीही उघडत नाही.

संस्थेला खरोखर वापरता येईल असं काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचं तर शिकवण्याचा क्रमच बदलावा लागतो. पुढची उदाहरणं मुख्यतः वाळवणं आणि फराळ विकणाऱ्या महिला बचत गटाची आहेत, कारण असे गट जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. वाचनालय असो की शाळा, रीत तीच.

१. आधी दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

महाविद्यालयाचं सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रकल्पाला ६० तास मिळतात. त्यात प्रवास, पाऊस आणि एसटीची वाट बघणंही आलं.

गटाचं वर्ष वेगळं चालतं. कुरडया, पापड, शेवयांची धांदल होळीपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे नेमकी परीक्षांच्या तोंडावर. भात लावणीच्या दिवसांत कोकणात किंवा मावळात बायका भेटणारच नाहीत. म्हणून जूनमध्ये सुरू होणाऱ्या तुकडीला दिवाळी फराळाचं काम द्या आणि ते नवरात्राच्या आधी गटाच्या हाती पडेल असं बघा, कारण ऑर्डरी तेव्हाच सुरू होतात. वाळवणांचं चित्रीकरण एका उन्हाळ्यात करून ठेवायचं आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीने त्याचं संकलन करायचं. स्वतः न काढलेल्या फुटेजवर काम करायला विद्यार्थी कुरकुरतात. कुरकुरू द्या. नोकरीत पहिली दोन वर्षं तेच करायचं असतं.

एका सत्राला एकच संस्था घ्या. तीस विद्यार्थ्यांचे सहा गट सहा संस्थांकडे पाठवले की शिक्षकाला एकाही संस्थेकडे धड जाता येत नाही.

२. पहिली भेट रिकाम्या हाताने

गटाची मासिक बैठक कधी असते ते विचारा आणि त्याच दिवशी जा. अध्यक्ष आणि सचिव असतात, पण निर्णय होतो बैठकीत, दहा-पंधरा जणींच्या समोर. विद्यार्थ्यांनी सतरंजीवर मागे बसायचं. वही चालेल, मोबाईल खिशात.

“तुम्हाला काय हवंय?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “आमचा एक छान व्हिडिओ करा.” हे उत्तर तिथेच ठेवून तीन प्रश्न विचारायला शिकवा. हे कोण बघणार? कुठे बघणार? बघून त्या माणसाने काय करायचं? अशा बोलण्यातून हळूहळू कळतं की पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं कुरडई नेतात आणि घरी गेल्यावर फोन करून विचारतात, “ताई, तेल किती तापवायचं? आमची फुलतच नाही.” दर वेळी सचिवताई हातातलं काम टाकून तेच सांगत बसतात. म्हणजे गरज आहे ती कुरडई कशी तळायची हे दाखवणाऱ्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल अशा एका दरपत्रकाची. गावाच्या इतिहासाची नाही.

परतल्यावर विद्यार्थ्यांनी एकच पान लिहायचं: काय करणार, कुणासाठी, किती लांबीचं, कधी देणार आणि काय करणार नाही. शेवटचा मुद्दा विसरू नका. ‘वेबसाइट करणार नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असलं की डिसेंबरमध्ये वाद होत नाहीत. हे पान गटासमोर मोठ्याने वाचा, दुरुस्त करा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

व्हिडिओच हवा असंही नाही. चेहरा दाखवायला तयार नसलेली माणसं आवाज द्यायला तयार असतात. माण तालुक्यातल्या म्हसवडचं माणदेशी तरंग, पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी अशा सामुदायिक रेडिओ केंद्रांचं सगळं काम आवाजावर चालतं. तीन मिनिटांची ध्वनिफीत व्हॉट्सअ‍ॅपवर सहज फिरते आणि कमी डेटा खाते.

३. परवानगी: सही मिळाली म्हणजे काम झालं असं नाही

संमतीपत्र मराठीत असावं, एका पानाचं, मोठ्या अक्षरात, आणि विद्यार्थ्याने ते वाचून दाखवावं. त्यात चार गोष्टी हव्यातच: काय टिपणार, ते कुठे दिसणार, किती काळ राहणार आणि नंतर नको वाटलं तर कुणाला फोन करायचा. ‘कुठे दिसणार’ याचे चौकोन वेगवेगळे ठेवा: फक्त परीक्षेसाठी, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, यूट्यूबवर सर्वांसाठी. व्हॉट्सअ‍ॅपला हो म्हणणारी बाई यूट्यूबला नको म्हणते, आणि तिच्याकडे तशी कारणं असतात. ती विचारू नका.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. शाळेतल्या शिक्षकांनी मान हलवली म्हणून पोरांचे चेहरे घेऊ नका. बालगृह किंवा निरीक्षणगृहातल्या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. तिथे हात, पाठ, भिंतीवरची चित्रं आणि आवाज एवढ्यावर भागवायला शिकवा. चेहऱ्यावर नंतर धूसर पट्टी लावू, ही पळवाट चालू देऊ नका, कारण तोवर मूळ फुटेज चार मोबाईलांवर गेलेलं असतं.

हक्कांचंही आत्ताच लिहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गटाला व्हिडिओ कायमचा वापरायचा असेल तर तसं लिहा. विद्यार्थ्याला तो आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येईल, हेही लिहा.

४. वर्गात काय शिकवायचं

यूट्यूबवर फुकट सापडतं ते वर्गात शिकवत बसू नका. तीन गोष्टींना वेळ द्या.

पहिली गोष्ट आवाज. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, आवाज नीट नसेल तर अंगठा पुढे सरकतो. गावात गिरणी, पंप, कोंबडा आणि लाऊडस्पीकर हे चौघे कायम हजर असतात. तारेचा साधा कॉलर माइक पुरतो. तोही नसेल तर दुसरा मोबाईल विमान मोडवर टाकून, रेकॉर्डिंग सुरू करून बोलणाऱ्या ताईंच्या हातरुमालाखाली ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे संकलनात आवाज आणि चित्र जुळवता येतात. मुलाखत संपल्यावर कुणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीचा आवाज घ्या. कट जोडताना तो उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट प्रश्न. “गटात आल्यावर तुम्हाला कसं वाटतं?” या प्रश्नाला “चांगलं वाटतं” याखेरीज उत्तर येणार कुठून? त्याऐवजी “कुरडईचा चीक शिजला हे कशावरून ओळखता?” असं विचारा. लगेच हात हलू लागतात, उलथणं वर धरलं जातं, चिकाला चकाकी कशी येते ते सांगितलं जातं, शेजारची मधेच दुरुस्ती करते. हाच तुमचा व्हिडिओ. विद्यार्थ्यांना आपापल्या घरी आईला किंवा आजीला असे पाच प्रश्न विचारून यायला सांगा, त्यांतल्या किती प्रश्नांची उत्तरं एका शब्दात आली ते वर्गात मोजा.

तिसरी गोष्ट म्हणजे शब्दांशिवाय सांगणं. महाविद्यालयाच्या कॅन्टीनमध्ये वडा तळताना फक्त पाच शॉट घ्यायचे: हात, चेहरा, दोन्ही एकत्र, खांद्यावरून आणि एक आपल्या मनाचा. प्रत्येक शॉट दहा सेकंद, मोबाईल न हलवता. सगळ्यांना हलवायचाच असतो. दहा सेकंद स्थिर राहणं ज्याला जमलं त्याचं निम्मं काम झालं.

प्रकाशाबद्दल एवढंच: माणूस खिडकीकडे तोंड करून बसवा, खिडकीला पाठ नको. ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हे आकडे जुळतात.

५. चित्रीकरणाचा दिवस

चारपेक्षा जास्त विद्यार्थी नेऊ नका. एक कॅमेरा, एक आवाज, एक बोलणारा आणि एक जण नोंदी ठेवणारा. या चौथ्याचं काम कुणालाच नको असतं, पण संमतीपत्रं, नावांची शुद्ध रूपं आणि कोणता शॉट कोणत्या फाइलमध्ये हे त्याच्याच वहीत असतं. गटातल्या एखाद्या तरुण सदस्येलाही मोबाईल द्या. तिला कुठे थांबायचं ते माहीत असतं, आणि पुढच्या दिवाळीला तुम्ही तिथे नसाल.

कामाचा खोळंबा करून ‘परत एकदा करा ना ताई’ म्हणू नका. परातभर पीठ हे त्यांचं भांडवल आहे. साहित्याचा खर्च प्रकल्पाच्या पैशांतून द्या, चहा-पोहे मात्र नाकारू नका.

६. संकलन आणि मराठी अक्षरं

कुठलं सॉफ्टवेअर हा प्रश्न दोन मिनिटांत संपवा. संगणक बरा असेल तर दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, साधा असेल तर शॉटकट. व्हॉट्सअ‍ॅपसाठी उभा व्हिडिओ, १०८० बाय १९२०. सभेत प्रोजेक्टरवर दाखवायचा असेल तर आडवा. कोणता हवा ते त्या एका पानावर आधीच ठरलेलं असतं.

सबटायटल द्याच. एसटीत, दवाखान्यात, कचेरीत लोक आवाज बंद ठेवून बघतात. इथे खरी परीक्षा टंकाची (फॉन्टची) असते. मोबाईलवरच्या काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘पुऱ्या’ नीट उमटत नाही, आणि बऱ्याच टंकांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही मोफत आहेत. तरीही आधी ‘पुऱ्या, कुऱ्हाड, शेवया, लाडू’ एवढे शब्द टाकून बघायचे. गटाने जुन्या पत्रकाची फाइल दिली तर ती डीटीपीवाल्याकडच्या श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या जुन्या टंकात असण्याची शक्यता बरीच. ती कॉपी केली की किडे-मुंग्या उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या, पुढच्या सगळ्यांचे कष्ट वाचतील.

संगीत यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या किंवा घेऊच नका. तेलात पडल्यावर कुरडई फुलते तेव्हाचा आवाज पुरेसा आहे. चित्रपटातलं गाणं लावलं तर कॉपीराइटचा दावा येईल, आणि तो येईल गटाच्या चॅनेलवर.

दर व्हिडिओत कोरू नका. तेल महागलं की दर बदलतात आणि सगळा व्हिडिओ बाद होतो. दरपत्रकाचं चित्र वेगळं ठेवा आणि सचिवताईंना त्यातले आकडे मोबाईलवर स्वतः बदलता येतील असा साचा करून द्या. पाकिटाचं लेबल करत असाल तर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, तारीख आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह तपासा.

७. कच्चा कट गटासमोर

ही पायरी वगळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तोवर सत्राचे दोनच आठवडे उरलेले असतात. वगळू नका. समाजमंदिरात लॅपटॉप ठेवा, एकदा न थांबता दाखवा आणि गप्प बसा. पहिली पाच मिनिटं हशा असतो: कुणाचा पदर, कुणाचा आवाज. दुसऱ्यांदा दाखवल्यावर खरं बोलणं सुरू होतं.

“ह्यात तेल फारच तापलंय. बघा, कुरडई लाल झाली. हे बघून गिऱ्हाईक जाळणारच की.”

“आणि ओ सर, फोन नंबर शेवटी असा पटकन जातो. माझ्या सासूबाईंना वाचता आला पाहिजे.”

कॅमेऱ्याचा कोन, रंग, गती यांबद्दल कुणी अवाक्षरही काढत नाही. विद्यार्थ्यांनी वाद घालायचा नाही, लिहून घ्यायचं. बदल दोन फेऱ्यांत संपतील, हेही त्या एका पानावर आधी लिहिलेलं हवं. एखादी म्हणाली, “माझा भाग काढा,” तर तो काढायचा, कितीही सुंदर असला तरी.

८. सोपवणं आणि गुण

महाविद्यालयाने दिलेलं गुगल खातं पदवी झाली की बंद होतं आणि ड्राइव्हवरच्या लिंक मरतात. म्हणून चॅनेल आणि खातं गटाच्या नावाने, गटाच्या मोबाईल क्रमांकावर, सचिवताईंच्या समोर बसून उघडा. पासवर्ड त्यांनीच ठरवायचा आणि विद्यार्थ्याच्या मोबाईलवरून लॉगआउट झालं की नाही ते शिक्षकाने बघायचं. पेन ड्राइव्हवर तीन फोल्डर द्या: तयार व्हिडिओ, दरपत्रकाचा साचा, निवडक मूळ फुटेज. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची प्रत छोटी आणि वेगळी. मूळ प्रत पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर चित्र दाबलं जातं.

गुणांपैकी निम्मे तरी प्रक्रियेला ठेवा: ते एक पान, संमतीपत्रं, नोंदवही, गटाने सुचवलेले बदल आणि त्यांचं काय केलं. पंधरा-वीस टक्के गटाच्या अभिप्रायाला. तो मात्र विद्यार्थ्यांसमोर विचारू नका. घरी आलेल्या पोरांना वाईट म्हणायला गावात कुणी धजत नाही. शिक्षकाने नंतर फोनवर विचारावं, आणि ‘आवडलं का’ असं नाही, तर ‘किती जणांना पाठवलात, कुणाचा फोन आला का’ असं.

हाच फोन तीन महिन्यांनी पुन्हा करा. मोबाईल क्रमांक बदललाय का, दरपत्रक कुणी बदललं, व्हिडिओ अजून पाठवला जातो का, तळण्याबद्दलचे फोन कमी झाले का. ही उत्तरं पुढच्या तुकडीला पहिल्या तासाला वाचायला द्या.