बॉक्स १ आणि बॉक्स १६ जुळत नाहीत, तेव्हा हात लावू नका

अमेरिकेत रिटर्न भरताना डब्ल्यू-२ (एम्प्लॉयर देतो तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये चढवला की काही वेळा पिवळी पट्टी येते: स्टेटचा पगार फेडरलपेक्षा वेगळा दिसतोय, तपासा. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात हा फरक बहुतेक वेळा बरोबरच असतो. पट्टी घालवायची म्हणून बॉक्स १६ मध्ये (स्टेटचा करपात्र पगार) बॉक्स १ चा (फेडरलचा करपात्र पगार) आकडा टाकला, तर स्टेटचा कर कमी निघतो. एम्प्लॉयरने पाठवलेली प्रत स्टेटकडे असते, त्यामुळे पुढे नोटीस येते आणि फरकावर व्याजही लागते.

फरक का पडतो? फेडरल कायद्यात निवृत्तीसाठी पगारातून कापलेली प्री-टॅक्स रक्कम करपात्र पगारातून वजा होते. न्यू जर्सी ही सवलत फक्त ४०१(के)ला, म्हणजे खासगी कंपन्यांमधल्या निवृत्ती बचतीच्या योजनेला देते. ४०३(बी) आणि ४५७ (शाळा, सरकारी नोकऱ्यांमधल्या तशाच योजना) आणि आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं) यांत टाकलेले पैसे तिथे करपात्रच राहतात. पेनसिल्व्हेनिया तर ४०१(के)ही वगळत नाही. रॉथ प्रकारच्या खात्यात पैसे टाकताना फेडरलही आधी कर घेतं, म्हणून तिथे हा घोळ नाही.

उदाहरण घेऊ. एडिसनमधल्या शाळेत वर्षाला ९०,००० डॉलर पगार. त्यातून ८,००० ४०३(बी)मध्ये आणि ३,००० कॅफेटेरिया प्लॅनमधून (कर लागण्याआधी पगारातून कापून घेण्याची एम्प्लॉयरची योजना) आरोग्य विम्याच्या हप्त्याला. बॉक्स १ मध्ये ७९,००० येतात. बॉक्स ५ म्हणजे मेडिकेअरचा पगार, तिथे ८७,०००, कारण ४०३(बी)वर मेडिकेअर लागतो, या हप्त्यावर नाही. न्यू जर्सी हा हप्ताही वजा करू देत नाही, म्हणून बॉक्स १६ मध्ये पूर्ण ९०,०००. तुमच्या कागदावर हे गणित असं बसतंय का ते एकदा ताडून पाहा. बॉक्स १२ मध्ये ४०३(बी)चं अक्षर ई, ४०१(के)चं डी, ४५७(बी)चं जी. अक्षर चुकीचं टाकलं तर सॉफ्टवेअरचा पुढचा हिशेबही चुकू शकतो. बेरीज जमतच नसेल, तर आकडा स्वतः दुरुस्त न करता पेरोलकडून सुधारित डब्ल्यू-२सी मागवा.

आता आयआरए. पारंपरिक आयआरएमध्ये ७,००० टाकले (२०२५ची पन्नाशीच्या आतल्यांची मर्यादा) आणि वजावटीला पात्र असलात, तर फेडरलचा कर उतरतो, पण न्यू जर्सीचा आकडा जागचा हलत नाही. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. न्यू जर्सीच्या फॉर्मवर त्या वजावटीला ओळच नाही. मॅसॅच्युसेट्समध्येही आयआरएची वजावट मिळत नाही.

न्यूयॉर्कच्या सरकारी नोकरांचं थोडं वेगळं. त्यांची ४१४(एच) कपात, म्हणजे पेन्शनसाठी पगारातून कापलेली रक्कम, बॉक्स १४ मध्ये असते आणि न्यूयॉर्क ती उत्पन्नात परत मिळवतं. आकडा टाकून शेजारच्या यादीतून ४१४(एच) हा प्रकार निवडा. 'इतर' निवडलंत तर ही भर पडणार नाही.

न्यूयॉर्कमध्ये नोकरी आणि घर न्यू जर्सीत असेल, तर डब्ल्यू-२ वर बऱ्याचदा दोन स्टेटच्या दोन ओळी असतात. त्यांची बेरीज होऊन न्यू जर्सीचा पगार दुप्पट झाल्याचं अनेकदा दिसतं. आधी न्यूयॉर्कचं नॉनरेसिडेंट रिटर्न पुरं करा, मग न्यू जर्सीचं, म्हणजे न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट नीट येतं. पाठवण्याआधी एनजे-१०४०ची (न्यू जर्सीच्या रिटर्नची) पीडीएफ उघडून ओळ १५, म्हणजे पगाराची ओळ, वाचाच.

खरा फटका मात्र पैसे काढताना बसतो. न्यू जर्सीने टाकतानाच कर घेतलेला असतो, पण १०९९-आर वर (निवृत्ती खात्यातून पैसे काढल्यावर येणारा फॉर्म) त्याचा उल्लेख नसतो, आणि सॉफ्टवेअर फेडरलचा करपात्र आकडा तसाच स्टेटमध्ये ओढून आणतं. समजा आजवर आयआरएमध्ये टाकलेले, न्यू जर्सीत कर भरलेले ३०,००० आहेत. यंदा १०,००० काढले आणि ३१ डिसेंबरला खात्यात १,१०,००० उरले. ३०,००० भागिले १,२०,००० म्हणजे २५ टक्के. म्हणून २,५०० करमुक्त, ते ओळ २०बी वर, आणि उरलेले ७,५०० ओळ २०ए वर. फेडरलमध्ये मात्र पूर्ण १०,००० करपात्र. सॉफ्टवेअर स्टेटच्या भागात आधी कर भरलेल्या रकमेबद्दल विचारतं, तिथे शून्य सोडून पुढे गेलात की त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर. फेडरलचा फॉर्म ८६०६ इथे कामाचा नाही, तो फक्त फेडरलचा हिशेब ठेवतो.

पेनसिल्व्हेनियात निवृत्तीच्या वयानंतर काढलेली, १०९९-आर वर कोड ७ असलेली रक्कम सहसा करमुक्त असते. कोड १, म्हणजे मुदतीआधी काढलेली रक्कम असेल, तर स्वतः टाकलेल्या पैशांपेक्षा जास्त निघालेल्या भागावरच तिथे कर लागतो. पण किती टाकले होते, हे दाखवायची जबाबदारी तुमची.

म्हणून दरवर्षीचा डब्ल्यू-२ आणि आयआरएचं वर्षअखेरचं स्टेटमेंट एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि स्टेटला कर भरून टाकलेली रक्कम एका ओळीत लिहीत जा. सॉफ्टवेअर बदललं, की मागच्या वर्षांचा हा आकडा नव्यात आपोआप येईलच असं नाही.