डिप्रेशनसाठी सप्लिमेंट घेताय? या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की लोक काय काय शोधून येतात ते बरोबर कळतं. पूर्वी चिठ्ठी घेऊन यायचे, आता मोबाईलवरचा स्क्रीनशॉट पुढं करतात, त्यात फिश ऑइल, अश्वगंधा, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डी, फाइव्ह एचटीपी अशी लांबलचक यादी असते, आणि कुणासाठी पाहिजे म्हणून विचारलं की आवाज एकदम खाली जातो. कोल्हापुरातली राजारामपुरी असो नाहीतर कसबा बावडा, मनाच्या आजाराचं नाव काढायला अजून लोक कचरतात, त्यामुळं मानसोपचारतज्ज्ञाकडं जायच्या आधी माणूस महिनोन्‌महिने सप्लिमेंटचे डबे बदलत बसतो. सप्लिमेंट वाईट असतात असं मी म्हणत नाही, काहींचा खरंच उपयोग होतो, पण काही चुका अशा आहेत की जिवावर बेतू शकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

"सेरोटोनिन कमी झालंय, ते भरून काढायचंय"

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. डोक्यातलं केमिकल कमी झालं, आता वरून घातलं की झालं काम, असं लोकांना वाटतं. पण शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन पोटात, आतड्यात असतं, आणि रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरूच शकत नाही, कारण रक्त आणि मेंदूच्या मधी एक पडदा असतो तो त्याला आत सोडत नाही. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण म्हणून डझनभर केळी खाऊन मूड सुधारत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन आतल्या आत ट्रिप्टोफॅनपासून, म्हणजे जेवणातल्या प्रोटीनमधल्या एका घटकापासून बनवतो, फाइव्ह एचटीपी ही त्यातलीच मधली पायरी. त्यामुळं कुणी "रक्तातलं सेरोटोनिन तपासून देतो" म्हणून पॅकेज विकत असेल तर पैसे घालवू नका, त्या आकड्यावरून मेंदूत काय चाललंय ते कळत नाही.

दुसरं म्हणजे डिप्रेशन म्हणजे फक्त सेरोटोनिनची कमतरता, ही गोष्टच फार सोपी करून सांगितलेली आहे. २०२२ साली जुन्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा पण त्याला पक्का पुरावा मिळाला नाही. मग डिप्रेशनच्या गोळ्या खोट्या का, तर नाही. गोळी पोटात गेल्यावर सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासात सुरू होतो, पण माणसाला बरं वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणजे मधल्या काळात मेंदू हळूहळू स्वतःला बदलत असतो, आणि हे माहीत नसल्यामुळं लोक दहाव्या दिवशी "काय फरक नाही ओ" म्हणून गोळी सोडून डब्याकडं वळतात.

आजार कुठला ते न बघताच सुरुवात

ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते. मरगळ, झोप बिघडणं, कशातच रस न वाटणं हे थायरॉईड कमी असला तरी होतं, हिमोग्लोबिन कमी असलं तरी होतं, बी १२ कमी असलं तरी होतं. मग आधी टीएसएच (थायरॉईडची टेस्ट), सीबीसी (हिमोग्लोबिन वगैरे रक्ताची टेस्ट), बी १२, व्हिटॅमिन डी एवढं तरी बघायला नको का? आणि हे सगळं औषध सुरू करायच्या आधी बघायचं. बी १२ची इंजेक्शनं घेऊन झाल्यावर टेस्ट केली तर रिपोर्ट झक्कास येतो आणि मूळ गोष्ट झाकली जाते. डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल, रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी असेल, तर बी १२ कमी व्हायची शक्यता जास्त. शाकाहारी घरात तर जास्तच, तिथं दूध आणि दह्यावर सगळी मदार. दूध कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं ताजं दूध पिणाऱ्याला थोडं तरी बी १२ मिळतं, पण बिनदुधाचा चहा आणि भाकरी-आमटीवर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काय? आणखी एक, बी १२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका, त्यानं रक्ताचा रिपोर्ट सुधारतो पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

आता बायपोलर. समोरचा माणूस आज उदास आहे म्हणून त्याला डिप्रेशनच आहे असं नाही. घरच्यांनी आठवून बघावं, की आधी कधी असे दिवस आले होते का, तीन-चार तास झोपून पण दमला नाही, बोलायला लागला की थांबेना, एकदम नवा धंदा काढायचा म्हणाला, उधार-उसनवार करून पैसे उडवले, चिडचिड एवढी की ओळखू येईना. असं झालं असेल तर तो बायपोलर असू शकतो, आणि अशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी किंवा मूडसाठी विकलं जाणारं सॅमी (SAMe), सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, फाइव्ह एचटीपी यातलं काही दिलं तर तो उदासीतून उठून थेट मॅनियात, म्हणजे वर सांगितलेल्या अति उत्साहाच्या अवस्थेत जाऊ शकतो. घरच्यांना पहिल्यांदा वाटतं चला गुण आला, आणि आठवड्यात सगळं हाताबाहेर जातं. झोप कमी होऊन उत्साह वाढला तर ते बरं होणं समजू नका, नवीन सुरू केलेला डबा बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरला फोन करा.

गोळी पण चालू, डबा पण चालू, आणि डॉक्टरला पत्ता नाही

डिप्रेशनची एसएसआरआय गटातली, म्हणजे सेरोटोनिनवर काम करणारी गोळी (एस्सिटॅलोप्रॅम, सरट्रालिन, फ्लुओक्सेटिन वगैरे) चालू असताना फाइव्ह एचटीपी किंवा सेंट जॉन्स वर्ट घेतलं तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. घाम, थरकाप, जुलाब, छातीत धडधड, अंग ताठ होणं, ताप, बडबड अशी लक्षणं दिसली तर घरी लिंबूपाणी देत बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टीत न्यायचं. हेच कोरड्या खोकल्याच्या काही सिरपमधल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनमुळं आणि ट्रॅमाडॉल नावाच्या पेनकिलरमुळं पण होऊ शकतं, म्हणून साधा खोकला असला तरी काउंटरवर चालू गोळ्यांचं नाव सांगत जावा, आम्ही कुणाला सांगत नाही. सेंट जॉन्स वर्टचं अजून एक, ते लिव्हरमधली औषधं मोडणारी यंत्रणा वाढवतं, त्यामुळं गर्भनिरोधक गोळी आणि रक्त पातळ करायची वॉरफेरिन यांचा परिणाम कमी होतो. "हर्बल आहे हो, काही होत नाही" हे वाक्य इथं अजिबात चालत नाही. अश्वगंधा पण तसंच, थायरॉईडची गोळी चालू असेल तर विचारूनच घ्या, त्यानं थायरॉईड हार्मोन वाढल्याचं आणि काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं नोंदलं गेलंय.

आणि डबा सुरू केला म्हणून चालू गोळी एकदम बंद करणं, हे तर करूच नका. चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं हे काही दिवसात सुरू होतं, आणि आजार उलटायची भीती वेगळीच. गोळी कमी करायची असेल तर डॉक्टर टप्प्याटप्प्यानं कमी करून देतात.

लिथियम चालू असेल तर हे नक्की वाचा

बायपोलरमध्ये लिथियम फार जुनं आणि खात्रीचं औषध, १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी त्याचा उपयोग दाखवला. पण त्याची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या मधी ठेवायची असते आणि त्याच्या थोडं वर गेलं की त्रास सुरू. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस कडक उपवास, चहा पण सोडायचा, मीठ नाही, त्यात पाय दुखले म्हणून आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक, हे सगळं एकत्र आलं की पातळी वर चढते. चहा-कॉफी एकदम सोडली तरी चढू शकते हे खूप जणांना माहीतच नसतं. जुलाब लागले, पन्हाळ्याला उन्हातनं चढून घाम गेला, तरी तेच. हात जास्तच थरथरायला लागले, चालताना झोक जातोय, जीभ जड झाली तर पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरला विचारा आणि त्याच दिवशी रक्तातली लिथियमची लेव्हल तपासा. उपवास करायचाच असेल तर आठवडाभर आधी विचारून ठेवा, देवी काय रागावत नाही.

तालमीतल्या आणि जिममधल्या पोरांनी क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) चालू असेल तर तपासणीच्या वेळी सांगावं, त्यानं रिपोर्टमधलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, वाढलेलं दिसतं आणि लिथियमनं किडनी बिघडली की काय असा घोळ होतो. आणि बायपोलर असताना संध्याकाळी प्री-वर्कआऊट पावडर घेऊच नका, त्यात कॅफिन असतं, झोप उडते, आणि झोप उडाली की मॅनियाला आमंत्रण.

फिश ऑइलच्या डब्यावरचा मोठा आकडा

मूडसाठी जी सप्लिमेंट तपासली गेलीत त्यात ओमेगा ३ला त्यातल्या त्यात बरा आधार आहे, ते पण चालू उपचाराला जोड म्हणून. डब्यावर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम असतं, लोक समजतात एक कॅप्सूल म्हणजे एक ग्रॅम ओमेगा ३. मागं बारीक अक्षरात वाचा, साध्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए (ओमेगा ३चे दोन प्रकार) एवढंच असतं, बाकी नुसतं तेल. डिप्रेशनच्या अभ्यासात दिवसाला एक ते दोन ग्रॅम ईपीए वापरतात, आणि ईपीए हे डीएचएपेक्षा बरंच जास्त पाहिजे. म्हणजे साध्या कॅप्सूल पाच-सहा तरी खाव्या लागतील. रोज एक घेऊन "काय उपयोग झाला नाही" म्हणणाऱ्याला उपयोग होण्याइतकं मिळालेलंच नसतं. बायपोलरमध्ये झालाच तर उदासीच्या बाजूला उपयोग, मॅनियाला नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी विचारा.

जवसाची चटणी खा, चांगलीच आहे, पण जवसातलं ओमेगा ३ वेगळं, त्यातलं फार थोडं ईपीएमध्ये बदलतं. घाटाखालनं येणारा बांगडा आणि तारली यात तयार ईपीए असतं आणि ते पांढऱ्या रश्श्यातल्या मटणात नसल्यात जमा आहे, हे सांगताना कोल्हापूरकर म्हणून मला पण जड जातं, पण आहे हे असं आहे.

६०,०००ची गोळी रोज

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची गोळी किंवा पावडर साधारण आठवड्याला एक अशी आठ आठवडे देतात. चिठ्ठी नीट न वाचता रोज एक घेणारे असतात, कोर्स संपल्यावर स्वतःच पुढं चालू ठेवणारे तर बरेच. जास्त झालं की कॅल्शियम वाढतं, तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, सुस्ती, गोंधळल्यासारखं होणं. आता सुस्ती आली की माणसाला वाटतं डिप्रेशन वाढलं, डी अजून घेऊया. लिथियममुळं पण काहींचं कॅल्शियम वाढतं, त्यांनी तर मोजूनच घ्यावं. नसांच्या ताकदीच्या गोळ्यांमध्ये बी ६ भरपूर असतं, ते महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर हातापायाला मुंग्या येतात, आणि मुंग्या येतात म्हणून त्याच गोळ्या परत मागायला येतात.

फरक पडत नसेल तर

तीन-चार गोष्टी एकदम सुरू केल्या असतील तर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं ते कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरशी बोलून एकेक सुरू करा, तारीख वहीत लिहा, झोपेचे तास रोज लिहा, ओमेगा ३ला आठ आठवडे तरी द्या. तेवढ्यात काहीच नाही तर बंद करून ते पैसे समुपदेशनावर घालवा. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर आठ आठवडे वगैरे काही नाही, १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर रात्री-अपरात्री पण चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. जाताना घरातले सगळे डबे पिशवीत घालून न्या, आजीनं दिलेलं चूर्ण आणि काढा पण.