व्हर्च्युअल मशीनला एसएसएच जोडणी होत नव्हती, ती अशी जमली

व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) यातल्या उबुंटू लिनक्सचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १०.०.२.१५ दिसतो, पण मूळ कॉम्प्युटरवरून तिथे एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून लॉगिन) केलं की टाइमआउट. कारण नॅट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला वेगळ्या खाजगी नेटवर्कमध्ये ठेवणारी पद्धत: हा पत्ता त्या आतल्या नेटवर्कचा, बाहेरून तिथे पोचताच येत नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम टाकला, म्हणजे होस्टच्या (मूळ कॉम्प्युटरच्या) एका पोर्टवर आलेली जोडणी गेस्टच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) पोर्टकडे जाते: होस्ट आयपी १२७.०.०.१ (कॉम्प्युटरचा स्वतःसाठीचा पत्ता), होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट पोर्ट २२. आता १२७.०.०.१ लाच, पण पोर्ट २२२२ देऊन जोडायचं. होस्ट आयपीची जागा रिकामी सोडू नका, नाहीतर हा पोर्ट नेटवर्कवरच्या इतर कॉम्प्युटरनाही खुला होतो.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर नियम चुकलाय किंवा मशीन बंद आहे. जोडणी लागून लगेच तुटते? मग आत ओपनएसएसएच सर्व्हर (एसएसएच जोडणी स्वीकारणारा प्रोग्राम) चालू नाही. उबुंटू डेस्कटॉपमध्ये तो आयता येत नाही, वेगळा टाकावा लागतो.