जुन्या घराची वायरिंग बदलताना: वायरमनला काय विचारावं, काय तपासून घ्यावं

बेळगावच्या शहापूर-वडगावातली जुनी घरं घ्या किंवा खानापूरकडची कौलारू घरं, आतली मांडणी साधारण एकच: लाकडी तुळया, लाकडी माळा, वर मंगळुरी कौलं आणि तुळईच्या कडेनं लाकडी पट्टीवर ठोकलेली तीस-चाळीस वर्षांची वायर. ती ओढली तेव्हा घरात दोन-चार बल्ब, एखादा पंखा आणि रेडिओ होता. आता तिच्याच जिवावर गिझर, फ्रिज, मिक्सर आणि इंडक्शन चालतं.

धोका बहुतेक वेळा जोडात असतो. स्क्रूखाली वायर नीट दाबली गेली नाही, की तेवढ्याच जागी विरोध वाढतो. जागा तापते, तांबं काळवंडतं, विरोध आणखी वाढतो. प्रवाह मात्र वाढत नाही, म्हणून एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) पडतच नाही. ‘एमसीबी बसवलाय, आता काळजी नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे. असा सॉकेट उघडला की पिनेच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसतं, वायरीचं आवरण बोटाच्या पेरभर कडक होऊन तडकलेलं असतं आणि कुजक्या मासळीसारखा वास येतो. तपासायची सोपी रीत: गिझर अर्धा तास चालवा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि त्याचं प्लास्टिक चाचपा. कोमट असेल तर ठीक, पण हात ठेववत नसेल तर तो सॉकेट पुन्हा वापरू नका. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर नुसती पिळून, टेप गुंडाळून जोडली असेल तर तो जोड आज ना उद्या तापणारच.

मीटरपर्यंतची लाइन हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, पुढची तुमची. खांबावर ठिणग्या दिसल्या तर 1912 वर तक्रार द्या. खासगी वायरमनला खांबावर चढवू नका. घरातल्या पूर्ण वायरिंगचं काम मात्र विद्युत निरीक्षणालयाचा परवाना असलेल्या कंत्राटदारालाच द्या. गिझर आणि इंडक्शन नव्यानं आले असतील तर मंजूर लोड किती किलोवॅट आहे तेही बिलावर बघा. बिल कानडीत असलं तरी आकडा सापडतो. कमी पडत असेल तर लोड वाढवून घ्या.

काम ठरवताना तीन प्रश्न विचारा. गिझरला कितीची, म्हणजे किती चौरस मिलिमीटरची वायर घालणार? 2 किलोवॅटचा गिझर साधारण 9 ॲम्पिअर ओढतो, 3 किलोवॅटचा 13. त्याला थेट बोर्डापासून स्वतंत्र चारची वायर आणि 20 ॲम्पिअरचा एमसीबी हवा. साध्या प्लगांना अडीचची वायर आणि 16 चा एमसीबी, दिव्या-पंख्यांना दीडची आणि 10 चा. दीडच्या वायरीवर 20 चा एमसीबी टाकला तर वायर आधी जळते आणि एमसीबी बघत बसतो. दुसरा प्रश्न: प्रत्येक सर्किटची न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) वेगळी ओढणार का? तिसरा: मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र, आहे का? या तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याला एखादा पंखा बसवायला बोलवा, अख्खं घर देऊ नका.

दर बहुधा पॉइंटवर ठरतो, आणि भांडणंही तिथंच होतात. एकाच बोर्डातला प्लग वेगळा पॉइंट धरायचा का, झिऱ्या मारणं (वायरीसाठी भिंतीत खाचा पाडणं) आणि नंतर गवंड्याकडून गिलावा करून घेणं कोणाच्या खर्चात, हे साध्या वहीच्या पानावर मराठीत लिहून दोघांनी सही करा. मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीत आडव्या लांब झिऱ्या मारू देऊ नका, भिंत कमजोर होते. तिथं भिंतीवरूनच पीव्हीसी पाइप घ्या. माळ्यावर तर पाइप हवाच, कारण उंदीर उघडी वायर कुरतडतात. वायर स्वतः आणा: आयएसआय छापाची, 90 मीटरची सीलबंद गुंडाळी. आणि हे सगळं मृगाच्या आधी उरका. खानापूरकडच्या पावसात भिंती एकदा ओल्या झाल्या की टेप धरत नाही आणि मेगरचं मापही खाली येतं.

आरसीसीबी, म्हणजे वीज कुठं गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच, 30 मिलिॲम्पिअरचाच मागा. बसवल्यावर तो सारखा पडायला लागला तर काही वायरमन त्याला बगल देऊन लाइन सरळ करून टाकतात. हे अजिबात चालवून घेऊ नका. कारण बहुधा दोनपैकी एक निघतं: एका सर्किटची न्यूट्रल दुसऱ्यात मिसळलेली असते, किंवा गिझरची कॉइल गळकी असते. एकेक सर्किट बंद करत गेलं की दोषी कोण ते कळतं.

अर्थिंगचा खड्डा नवा घेतला तरी मुरमाड जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडते, म्हणून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

वायरमन घरी आलाच आहे तर स्वयंपाकघर आणि देवघरही बघून घ्या. गॅसच्या सुरक्षा नळीची मुदत 5 वर्षं, लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, आणि तिच्याजवळ सॉकेट नको. गॅसचा वास आला तर स्विचला हात लावू नका, ना चालू करायला ना बंद करायला. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन 1906 ला फोन करा. तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवा, पाणी कधीच टाकू नका. देवघरात निरांजनाची तुपट वात उंदीर ओढून नेतो, म्हणून झोपण्याआधी ज्योत शांत करा. आग हाताबाहेर जाते आहे असं वाटलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग 112.

शेवटचा हप्ता, निदान एकूण रकमेचा दहावा भाग, तपासणीपर्यंत हातात ठेवा. तुमच्यासमोर मेगर लावून घ्या. माप प्रत्येक सर्किटला 1 मेगाओहमच्या वर हवं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, आणि पुढं महिन्यातून एकदा स्वतः दाबत जा. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, हे मराठीत लिहून बोर्डाच्या झाकणाच्या आतून चिकटवून घ्या. सहा महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा बोलावून गिझरच्या आणि मेन बोर्डाच्या सगळ्या स्क्रूंना एकदा पेचकस लावून घ्यायचं, हेही त्याच वहीच्या पानावर आधीच लिहून ठेवा.