एकच उतारा, अनेक परंपरा: योहानाचा सहावा अध्याय वाचताना

ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासाला नव्याने लागलेले विद्यार्थी मला हमखास विचारतात, वेगवेगळ्या ख्रिस्ती परंपरा एकच शास्त्रभाग कसा वाचतात हे शिकायला सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर ठरलेलं आहे. योहानकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय घ्या आणि काही आठवडे दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

आधी भाष्यग्रंथ बंद ठेवून अख्खा अध्याय सलग वाचा. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो. एक्कावन्नाव्या वचनापासून त्याचा देह खाण्याची आणि पुढे रक्त पिण्याची भाषा येते, ऐकणारे बिथरतात. मग त्रेसष्टाव्या वचनात तोच म्हणतो, जिवंत करणारा आत्मा आहे, देहाचा काही उपयोग नाही. आता पाहा, कोणती परंपरा यातल्या कोणत्या वचनावर पाय रोवून उभी आहे. बहुतेक मतभेद इथेच उलगडू लागतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स वाचन त्रेपन्न ते छप्पन्न या वचनांचा भार पूर्ण झेलतं; चौथ्या शतकात क्रिसोस्टम या ग्रीक धर्माचार्याने आपल्या प्रवचनांत ही वचनं थेट प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या चर्चच्या संस्काराला, लावली आहेत. झुरिकचा प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्ली याच्यासाठी मात्र त्रेसष्टावं वचन सगळ्याची किल्ली होतं. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला जर्मन सुधारक लूथर आणि तो समोरासमोर बसले तेव्हा झ्विंग्लीने हेच वचन पुढे केलं. लूथर शेवटच्या भोजनात येशूने उच्चारलेल्या ‘हे माझे शरीर आहे’ या शब्दांवरून तसूभरही हलला नाही. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचं एकमत झालं. पंधराव्या कलमात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त भाकरीत व द्राक्षारसात खरोखर, शारीरिक रीतीने आहे का, एवढ्यावर अडलं ते अडलंच.

इथवर वाचून ‘कॅथलिक आणि लूथर शब्दशः घेतात, झ्विंग्ली प्रतीक मानतो’ असा तक्ता वहीत काढावासा वाटेल. काढू नका. प्रभुभोजनात ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं असं मानणारा लूथर १५२० मध्येच लिहून गेला होता की योहानाचा सहावा अध्याय या संस्काराबद्दल बोलतच नाही. तो विश्वासाने खाण्याबद्दल आहे. त्याची श्रद्धा शेवटच्या भोजनाच्या वृत्तांतावर उभी होती. कार्डिनल कायेतान तर रोमचा निष्ठावंत, तरीही त्यानेही हा अध्याय आत्मिक अर्थाने घेतला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५५१ मध्ये ख्रिस्ताच्या खऱ्या उपस्थितीची शिकवण ठामपणे मांडली. पण १५६२ मध्ये या अध्यायाचा अर्थ काय, हे धर्मपित्यांच्या, म्हणजे चर्चच्या प्राचीन आचार्यांच्या, वेगवेगळ्या अर्थांवर मोकळं ठेवलं. त्यामागचं कारण मला फार बोलकं वाटतं. तेव्हा सामान्य भाविकांना फक्त भाकर मिळे; बोहेमियातला सुधारक यान हुस याचे अनुयायी रक्त पिण्याविषयीचं त्रेपन्नावं वचन दाखवून त्यांनाही द्राक्षारसाचा प्याला द्या, अशी मागणी करत आले होते. म्हणून एखाद्या परंपरेचा अर्थ वाचताना त्या वेळी समोर कोण उभं होतं, हे विचारायची सवय लावून घ्या.

चौथ्या-पाचव्या शतकातला धर्माचार्य ऑगस्टीन वाचलात की ही गुंतागुंत आणखी आवडू लागेल. ‘विश्वास ठेव, म्हणजे तू खाल्लंस’ हे त्याचं वाक्य सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांना अतिशय प्रिय. तोच ऑगस्टीन पेलागियनांशी (माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं मानणाऱ्यांशी) वाद घालताना त्रेपन्नाव्या वचनाच्या आधारे म्हणतो की बालकांनाही या भोजनाची गरज आहे. दोन्ही बाजूंनी त्याला आपला म्हणावं आणि दोघांचंही थोडं खरं असावं! काल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकाने यातून आपली वाट काढली: अध्याय मुख्यतः विश्वासाने होणाऱ्या अखंड सहभागाविषयी आहे, पण इथे जे सांगितलं त्यावर प्रभुभोजन शिक्कामोर्तब करतं. मला हे वाचन फार काळजीपूर्वक केलेलं वाटतं, त्याच्याशी सहमत नसलात तरी ते सावकाश वाचा.

पुस्तकांइतकीच उपासनाही पाहा. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही प्रभुभोजन दिलं जातं. त्रेपन्नावं वचन तिथे जगलं जातं. कॅथलिक वाचनक्रमात तीन वर्षांतून एकदा सलग पाच रविवार हाच अध्याय मिस्सात वाचला जातो. बॅप्टिस्ट मंडळीत ‘माझ्या स्मरणार्थ’ हे शब्द अग्रभागी असतात, आणि त्या स्मरणाला तिथे किती गांभीर्य असतं हे प्रत्यक्ष बसल्याशिवाय कळत नाही. क्वेकर पंथाचे ख्रिस्ती बाह्य भाकरी-द्राक्षारस वापरतच नाहीत. त्यांनाही हा अध्याय कसा वाचता, हे विचारा.

लिहिताना एक कसोटी मी कधीच सोडत नाही. प्रत्येक परंपरेची बाजू अशी मांडायची की तिच्यातला जाणता माणूस वाचून म्हणेल, ‘हो, आम्ही हेच म्हणतो.’ त्यासाठी विरोधकांनी केलेला सारांश चालत नाही. मूळ प्रवचन, परिषदेचा ठराव, विश्वासाचा अंगीकारच उघडावा लागतो. स्वतःचं मत मांडायचं ते यानंतर, आणि ते जरूर मांडा.

हा अध्याय पचला की रोमकरांस ३:२८ आणि याकोब २:२४ शेजारी-शेजारी ठेवा: पहिलं म्हणतं माणूस कर्मांशिवाय विश्वासाने नीतिमान ठरतो, दुसरं म्हणतं केवळ विश्वासाने नाही. दोन्हींवर स्वतःचं टिपण करा आणि मगच नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर लूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी १९९९ साली ऑग्सबुर्गला सही केलेली संयुक्त घोषणा वाचायला घ्या.