मधुमेह असताना एकादशीचा उपास

साबुदाण्याची खिचडी टाळाच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दाण्याचं कूट घातलं तरी साखर चढतेच. त्यापेक्षा राजगिऱ्याची एखादी भाकरी, दही, काकडी, मूठभर शेंगदाणे बरे.

खरी भीती मात्र साखर उतरण्याची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीइतकंच घ्यायचं आणि पोट रिकामं ठेवायचं, हे जिवावर बेतू शकतं. डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, मीटरवर 70च्या खाली आकडा दिसला, की 3 छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या (उपास मोडला तर मोडला, विठोबा समजून घेईल) आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. व्होग्लिबोज (साखर पचायला उशीर लावणारी मधुमेहाची गोळी) चालू असेल तर साखरेचा गुण लवकर येत नाही. घरात ग्लुकोज पावडरच हवी.