टोमॅटोतली टुटा: फवारणीआधी चार अळ्या बाटलीत ठेवा

संक्रांत झाली की बेळगावजवळच्या काकती-कडोलीकडे उन्हाळी टोमॅटोची तयारी सुरू होते, आणि ऊन तापेल तशी टुटा, म्हणजे टोमॅटोची पानं-फळं पोखरणारी कीड, वाढते. दक्षिण अमेरिकेतल्या या पतंगाची भारतात 2014 मध्ये नोंद झाली.

पानावर पांढरट चट्टा दिसला म्हणून लगेच पंप पाठीला लावू नका. पान उन्हाकडे धरा. बारीक नागमोडी रेघ आणि आत बिनपायाची पिवळी अळी असेल, तर ती माशीची नागअळी. रुंद फोड, आत काळी विष्ठा आणि अळीच्या डोक्यामागे अर्धवट काळी पट्टी असेल, तर टुटा समजा. तरी घोटाळा उरतोच. बटाट्याच्या पतंगाची अळीही अशीच पान पोखरते, आणि ती निपाणीकडच्या तंबाखूवरही पडते. कोवळी अळी नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड, तिथं डीएनए लागतो.

सीओआय नावाच्या जनुकाच्या सुमारे 650 अक्षरांच्या (म्हणजे डीएनएच्या घटकांच्या) तुकड्यावरून जात कळते. कीड आली कुठून, हे मात्र त्यातून फारसं कळत नाही. मोजक्या किड्यांचीच पिलावळ वाढली की सगळ्यांचा तुकडा जवळपास सारखाच निघतो. तिथं डीएनएतले मायक्रोसॅटेलाइट नावाचे तुकडे कामाला येतात: त्यांत तीच दोन-चार अक्षरं लागोपाठ किती वेळा आली, ते मोजायचं. अशाच खुणांवरून 2015 मध्ये दिसलं की भूमध्य समुद्राभोवतीची टुटा मध्य चिलीतून एकदाच आली आणि पसरली. चंदगड-गडहिंग्लज ते बेळगाव रोपांचे ट्रे आणि क्रेट सारखे फिरतात, त्यामुळं आपल्यालाही हा माग हवा आहे. युरोपात तर डायअमाइड गटातलं औषध टुटावर का लागू पडेना, याचं कारणही एका जनुकातल्या बदलात सापडलं. म्हणून एकच गट पुन्हा पुन्हा मारू नका.

नमुना फवारणीआधीच घ्या. वेगवेगळ्या झाडांवरच्या चार-पाच जिवंत अळ्या कडक, म्हणजे 95 टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये टाका. फॉर्मेलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. चिठ्ठीवर गाव, पीक, तारीख आणि आधीचं औषध पेन्सिलीनं लिहून ती बाटलीतच सोडा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. नमुना कुठं पाठवायचा, ते मत्तिकोप किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारा.

पोखरलेली पानं-फळं बांधावर फेकू नका, खोल पुरा. रोपं घेताना प्रत्येक ट्रेची पानं उलटून बघा, आणि लागणीच्या दिवसापासूनच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा.